अप्पा काही विचारेनात

माझ्या सासऱ्यांनी एकदा आपला मोबाइल किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. आधी बॅटरी उतरलेला ठेवला, आकडा बघितला, घरी येऊन चार्जिंगला लावला आणि भरल्यावर परत जाऊन ठेवला. दुकानदाराला म्हणाले, "शंभर टक्के भरला म्हणतेत. मंग वजन वाढाय नको का? वजनच वाढंना तर भरलं काय?" दुकानदारानं मला फोन केला, "वहिनी, अप्पाला घेऊन जावा, गिऱ्हाईक खोळंबलंय." मी तणतणतच गेले, वरणाला फोडणी द्यायची राहिली होती. अप्पा काट्यापाशी हसत उभे. मला बघून म्हणाले, "महानंदा, बरं झालं आलीस. आता तूच सांग."

काय सांगू, कप्पाळ!

गुरुपादप्पा त्यांचं नाव. उभी हयात उदगीरच्या एका दाळमिलमध्ये गेली. तूर भरडायची, चाळायची, पॉलिश करायची, पोती शिवायची. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा आणि तोंडात प्रश्न. शाळा काही फार झाली नाही, पण बाजारात नवी वस्तू दिसली की ह्यांच्या डोक्यात किडा वळवळलाच म्हणून समजा. एटीएमच्या खोलीत एसी कुणासाठी? माणसासाठी म्हणावं तर माणूस आत जातो न जातो तोच बाहेर येतो, आणि मशीनला घाम आलेला तर कुणी बघितला नाही. आधार कार्डावर एकही माणूस हसरा का नसतो? सरकारला फक्त रडका माणूस ओळखू येतो का? बाटलीतल्या पाण्यावर तारीख असते, तर त्या तारखेनंतर शिळं काय होतं, पाणी का बाटली? हे लातूरच्या माणसाला विचारायचं! आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल तीच तारीख कुणाला माहीत नसते. मी तसं म्हटलं की अप्पा मांडीवर थाप मारून हसायचे आणि म्हणायचे, "हे बी इचारण्यासारखं हाय."

विचारताना त्यांची एक ढब होती. हनुवटी वर, भुवया वर, आणि उजवा तळहात असा उलटा करायचे, पोतं उलटं करून रिकामं झालं का बघतात तसं. तो हात उलटा झाला की आमची अक्की म्हणायची, "आला गं मम्मी, प्रश्न आला."

मी औसा रोडच्या बाजूला खानावळ चालवते. कोचिंगसाठी आलेल्या पोरापोरींचे डबे. ऑर्डर सगळ्या फोनवर येतात, "काकू आज भात नको", "काकू दोन चपात्या जास्त", "काकू भाजीत तेल फार होतं". तेल फार होतं म्हणे! घरी आईच्या हातचं खाताना ह्यांना तेल दिसत नाही. असो. तर एक डोळा तव्यावर आणि एक फोनवर, असा माझा दिवस. आमच्या ह्यांचं खतांच्या कंपनीत फिरतीचं काम. घरी असले तरी फोनवरच असतात. अक्की, म्हणजे आमची अक्कमहादेवी, बारावीला. तिचे क्लासही फोनवर, मैत्रिणीही फोनवर.

अप्पा आमच्याकडं आले ते अव्वा गेल्यावर. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, पार्वतम्मा. उदगीरला दोघंच राहायचे. अव्वा करड्या. मी लग्न होऊन गेले त्याच आठवड्यात त्यांनी मला घराची शिस्त सांगितली. चूल कशी सारवायची, पूजेचं ताट कसं मांडायचं, आणि शेवटी, "अप्पाला पाठीमागनं हाक मारायची न्हाई. म्होरं यायचं, तोंडाकडं बघायचं, मंग बोलायचं." मी मनात म्हटलं, काय थाट! दाळमिलचा हमाल का निजामाचा दरबार? पण सगळी गल्लीच तसं वागायची. पोरंसोरंसुद्धा अप्पांच्या पुढ्यात येऊन उभी राहायची आणि मग तोंड उघडायची. मोठ्या माणसाचा मान, असंच आम्ही समजून चाललो.

फोनवर तर अप्पा कधीच बोलायचे नाहीत. मोबाइल खिशात असायचा, पण त्यात फोटो बघायचे आणि वेळ बघायचे. "माणसाचं तोंड दिसल्याबिगर बोलणं खरं वाटत न्हाई," म्हणायचे. फोन अव्वा घ्यायच्या. जाण्याआधी दवाखान्यात माझा हात धरून अव्वांनी एकच मागितलं, "महानंदा, त्याईच्या म्होरं बसून बोलत जा गं." मी म्हटलं, हो अव्वा. म्हातारीला वाटलं असेल, नवरा एकटा पडू नये. आणि मी बोलत होते की! अप्पांनी काही विचारलं आणि ह्या घरात त्याला कुणी उत्तर दिलं नाही, असं एकदाही झालं नाही. देवाशपथ सांगते. भाकरी थापता थापता, डब्याचा मेसेज बघता बघता, पण मी उत्तर द्यायचेच.

तर अप्पांचे प्रश्न हळूहळू कमी झाले आणि आम्हाला कुणाला कळलंच नाही. माझ्या ध्यानात आलं ते बोर्डामुळं. निकाल लागले की लातूरचे चौक पोरांच्या फोटोंनी भरून जातात. मागच्या वर्षी एकच पोरगा तीन क्लासच्या बोर्डावर झळकत होता. अप्पा रस्त्यात उभे राहून म्हणाले होते, "ह्यो तिन्ही क्लासात शिकला तर झोपला कुठं?" मी भाजीची पिशवी खाली ठेवून पोट धरून हसले होते. ह्या वर्षी एका पोरीचा फोटो त्याहून जास्त बोर्डांवर. मी मुद्दाम अप्पांना त्या रस्त्यानं आणलं. म्हटलं, आता येणार प्रश्न. अप्पांनी पहिला बोर्ड बघितला, दुसरा बघितला, आणि चालू लागले. हात काही उलटा झाला नाही.

घरी येऊन मी आठवायला बसले, अप्पांनी शेवटचं काय विचारलं होतं? आठवेचना. अक्कीला विचारलं, ती म्हणाली, "हाव गं मम्मी, लई दिवस झाले." ह्यांना विचारलं तर फोनमधून मान वर न करता म्हणाले, "बरंय की. डोकं शांत झालं असंल." मला राग आला. बोलणाऱ्या माणसाचं डोकं शांत होतं तेव्हा घरच्यांनी भ्यायला पाहिजे, एवढंही कळू नये?

मग एकेक दिसायला लागलं. मी एक दिवस अप्पांना स्वयंपाकघरात बसवलं, कुकर लावला आणि कणीक मळता मळता म्हटलं, "अप्पा, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, मी डबे देऊन येते." परत आले तर घरभर करपट वास. अप्पा कुकरपासून हाताच्या अंतरावर, शेंगा निवडत बसलेले. पाणी आटून डाळ कोळसा झालेली. ज्या माणसानं जन्मभर डाळ केली, एक दाणा फुटका गेला तर ज्याला रात्री झोप लागत नव्हती, त्याच्या नाकासमोर डाळ जळाली! मी "अप्पा, अहो अप्पा!" करत गॅस बंद केला. त्यांनी दचकून माझ्याकडं बघितलं आणि मग कुकरकडं. त्यांचा चेहरा असा उतरला की मी कुकर उचलून मुकाट मोरीत नेला.

पुढच्याच आठवड्यात गंजगोलाईच्या बाजारात ऑटोखाली येता येता वाचले. ऑटोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला म्हणे, म्हातारा बाजूलाच होईना. ऑटोवालाच घरी सोडायला आला आणि दारात मला सुनावून गेला, "ताई, असल्या माणसाला एकटं सोडताव कशाला?"

आम्ही डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर भला माणूस, पण बाहेर ही रांग. तोंडाला मास्क, समोर कॉम्प्युटर, टाइप करत करत विचारत होते.

"आजोबा, आज वार कोणता?"

"हाव, जेवलो की."

"आत्ता आपण कोणत्या गावात आहोत?"

"गुरुपादप्पा."

"शंभरातून सात गेले तर किती?"

अप्पा म्हणाले, "पाय दुखतेत जरा. बाकी काय न्हाई."

आणि प्रत्येक उत्तरानंतर ते माझ्याकडं वळून बघायचे. बरोबर आलं का, असं बघायचे, शाळेतल्या पोरासारखं. मी काय करू? मी खाली बघितलं. आमच्या ह्यांनी तर तोंडच फिरवलं. डॉक्टर म्हणाले, विस्मरणाच्या आजाराची सुरुवात वाटते, पण आत्ताच नक्की सांगत नाही, तपासण्या करून घ्या. रक्त, डोक्याचा फोटो, डोळे, कान, सगळं. आम्ही डोक्याच्या फोटोची तारीख घेऊन आलो. डोळे-कान मागाहून बघू म्हटलं. डोकं जायची वेळ आलेली, तिथं कानाचं काय घेऊन बसायचं?

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. अप्पा उठले का, कुठं गेले, गॅसपाशी तर नाहीत? चपाती लाटता लाटता दहादा उठून बघायचे. फाटकाला कुलूप घातलं. अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात घरचा नंबर घालून ठेवला. अप्पा फाटकाचे गज धरून उभे राहायचे आणि रस्त्यानं जाणारी कोचिंगची पोरं बघत बसायचे. पाठीवर दप्तर, हातात फोन, खाली बघत चाललेली पोरं. फाटकाला कुलूप का घातलंय, एवढंसुद्धा त्यांनी विचारलं नाही. ज्या माणसानं बाटलीवरच्या तारखेचा जाब विचारला, त्यानं आपल्याला का कोंडलंय हे विचारू नये! मी मोरीत जाऊन रडले.

ह्यांच्या मावसभावानं सोलापूरकडच्या एका केंद्राचं सांगितलं. अशा माणसांना तिथं नीट ठेवतात, कॅमेरे आहेत, बाया-माणसं आहेत, औषध वेळेवर. हे म्हणाले, "मी फिरतीवर, तुझी खानावळ, अक्कीची बारावी. उद्या गॅसनं घर पेटलं तर?" मला नाही म्हणायचं होतं. पण तोंडातून नाही निघेना, कारण गॅसची भीती मलाच सगळ्यात जास्त होती. अव्वांना मी काय तोंड दाखवू, हाही विचार आला. त्या केंद्राची माणसं गुरुवारी दुपारी येऊन अप्पांना बघून जाणार, असं ठरलं. बघून पसंत करायला अप्पा का लग्नाची मुलगी होते? पण तसंच वाटत होतं मला.

गुरुवार उजाडला तोच बोअरच्या गाडीनं. शेजारच्या प्लॉटवर घर बांधायचं चाललंय, त्यांनी बोअर घ्यायला सुरुवात केली. लातुरात बोअरची गाडी काय असते ते आम्हाला सांगायला नको. ढगासारखी पांढरी धूळ आणि असा आवाज की मांडणीवरची भांडी थरथरतात. दातसुद्धा. सगळ्या गल्लीनं खिडक्या लावून घेतल्या. अक्की कानात बोळे घालून आतल्या खोलीत. हे सकाळीच निलंग्याकडं गेले होते, जाताना बजावून गेले, "ते लोक आले की चहापाणी नीट कर. मी दुपारपर्यंत येतोच." अप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्या गदारोळात! मी खिडकीतून हातानं आत बोलावलं, तर त्यांनी हातानंच सांगितलं, बरं वाटतंय इथं.

मला आणखीच भरून आलं. म्हटलं, संपलं. माणसाला आवाजाचा त्रासही होईना.

तेवढ्यात फाटकाशी कुणी उभं दिसलं. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. सलीमभाई! अप्पांबरोबर दाळमिलमध्ये होते, चाळणीवर. नातीला, अलीझाला, इथल्या होस्टेलवर सोडायला आलेले, वाट वाकडी करून दोस्ताला बघायला आले. मी धावत जाऊन कुलूप काढलं. काय म्हणाले ते त्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही. मी हसून मान हलवली आणि चहा टाकायला आत गेले.

चहा घेऊन दारात आले आणि तिथंच थांबले. अप्पा उभे होते. हसत होते. सलीमभाई समोर उभे राहून काहीतरी सांगत होते, बोटांनी काही दाखवत होते, तळहातावर तळहात घासत होते. अप्पा मांडीवर थाप मारत होते. मग अप्पा सांगू लागले, हातानं सायकल दाखवली, कुणीतरी ती भिंतीआड लपवल्याचं दाखवलं, आणि सलीमभाई हसून हसून वाकले. आणि मग, माझ्या डोळ्यादेखत, अप्पांची हनुवटी वर गेली, भुवया वर गेल्या आणि उजवा हात उलटा झाला.

अप्पांनी प्रश्न विचारला!

काय विचारलं ते बोअरच्या आवाजात कळेना. मला वाटलं, दोघं ओरडून बोलायलेत आणि मेल्या गाडीपायी मलाच ऐकू येईना. मी त्या गाडीला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

आणि गाडी थांबली. नवीन पाइप जोडायला थांबवतात, तशी. एकदम शांत. माझे कान नुसते सूं करायलेले.

ती दोघं थांबली नाहीत. ओठ हलत होते, हात हलत होते, आणि आवाज नव्हता. कसलाच नव्हता. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर माणसं दिसतात तशी ती दोन म्हातारी माणसं माझ्या अंगणात रंगात येऊन गप्पा मारत होती.

मी अप्पांच्या पाठीमागून हाक मारली, "अप्पा!" ते हलले नाहीत. "अप्पाऽऽ!" शेजारचा मिस्त्री वळून बघायला लागला, पण अप्पा नाही. सलीमभाईही नाहीत. मी हातातला ट्रे ओट्यावर ठेवला, त्यावरचं स्टीलचं झाकण उचललं आणि फरशीवर टाकलं. खणखणाट झाला, अक्की आतून ओरडली, "काय पडलं गं?" अप्पा आपल्याच बोलण्यात.

मी चालत त्यांच्या पुढ्यात गेले. दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. डोळ्यांकडं नाही, माझ्या तोंडाकडं.

"सलीमभाई," मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही?"

सलीमभाईंनी खिशातून एक बारकं मशीन काढलं, कानात बसवलं, कानावर हात ठेवून एकदा डोकं हलवलं. "नातवंडांनी घेऊन दिलंय. अल्लाच्या मेहेरबानीनं चांगलं चालतंय. पण ह्याच्यासमोर काय कामाचं? म्हणून खिशात ठेवलं. अरे बेटी, चाळणीवर जो राहिला त्याचा कान कुणाचा राहिला? धुळीनं नाकसुद्धा गेलं. आमच्या पाळीचे सगळे असेच. गिरणीत ओरडून कुणाला ऐकू जातं? तोंड बघायचं, हात बघायचं, काम करायचं."

"अप्पांनासुद्धा?"

"तेरेकू मालूम नै?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला लाजच वाटली. "ह्याचे तर माझ्या आधी गेले. जाड आवाज थोडा येतो. भों भों. बाकी सगळं तोंड बघून. भाभींना मालूम होतं. मालकाला कळलं असतं तर ह्याला मशीनच्या पट्ट्यापासून काढून घरी बसवला असता. बहिरा माणूस पट्ट्यापाशी कोण ठेवतो? म्हणून भाभींनी गल्लीला शिस्त लावली. म्होरं येऊन बोला, मोठा माणूस हाय. लोक म्हणायचे, काय इज्जत करते नवऱ्याची! आणि खरं सांगू का, ह्याला स्वतःला तरी कुठं मालूम हाय? ह्याला वाटतं, सगळी दुनिया तोंड बघूनच ऐकते."

मी पायरीवर बसले. अव्वा, तुम्ही मला सांगितलं होतं हो. त्याईच्या म्होरं बसून बोलत जा. ह्याहून सोपं कुणी काय सांगायचं? फोन नको म्हणायचे अप्पा, तोंड दिसत नाही म्हणून. आणि प्रश्न तरी कसले विचारायचे? एसी, फोटो, बाटली, बोर्ड. सगळं डोळ्यांनी दिसणारं. एखाद्या आवाजाबद्दल अप्पांनी कधी काही विचारल्याचं मला आठवेना. माझ्या कुकरच्या शिट्ट्या ह्यांनी कशा मोजाव्यात! आणि मी ते सांगितलं तेसुद्धा कणकेत बघून.

"अप्पांचं डोकं?" मी विचारलं.

सलीमभाई हसले. "डोकं? मुनीमजीची सायकल कुणी लपवली होती, मी विसरलो होतो. ह्यानं आत्ता नाव सांगितलं. माझंच होतं."

कमरेला खोचलेला माझा फोन वाजला. केंद्राची माणसं. शिवाजी चौकात पोचलो, पुढं कसं यायचं, विचारत होती.

"येऊ नका," मी म्हटलं.

"मॅडम, सरांनी आजची वेळ दिली होती."

"सरांना मी बघून घेते. आमच्या अप्पांचं डोकं तुमच्या-माझ्याहून धड आहे. नमस्कार." फोन ठेवला तर छातीत असं धडधडत होतं, बोअर परत सुरू झाला का काय वाटलं. ह्यांना काय सांगायचं ते मागाहून बघू म्हटलं. पण उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडं जायचं, हे ठरलं.

सलीमभाईंना जायचं होतं, नात वाट बघत होती. चहा उभ्यानंच घेतला. निघताना मी त्यांना थांबवलं. पुढ्यात जाऊन. "मघाशी अप्पांनी तुम्हाला काय विचारलं?"

सलीमभाईंचं हसू गेलं. "बेटी, ते मला विचारलं, पण जवाब माझ्याकडं नाही. तूच विचार त्याला."

ते गेले. अप्पा खुर्चीत बसले होते, पेढा हातात धरून. मी फोन आत फळीवर ठेवून आले. पदराला हात पुसले, अप्पांच्या पुढ्यात खाली जमिनीवर बसले आणि तोंड वर करून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "अप्पा, काय इचारायचंय तुमाला?"

अप्पा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जसं लई दिवसांनी कुणी ओळखीचं माणूस भेटावं. पेढा त्यांनी मांडीवर ठेवला.

"इचारू का?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"पार्वती गेली तवापास्नं बघायलोय मी. आपला शिवलिंग, तू, अक्की, त्यो डॉक्टर, रस्त्यावरची पोरं. समदे मान खाली घालून बोलायलेत. आधी असं नव्हतं. माणूस मान खाली कवा घालतो? लाज वाटल्यावर, न्हाईतर म्होरच्याचा राग आल्यावर. पोराईला लाज वाटावी असं त्याईनं काय केलंय? मंग मी म्हणलं, राग असंल. लई इचार केला, पण मला काय घावलं न्हाई." त्यांचा हात उलटा झाला, आणि तसाच हवेत राहिला. "महानंदा, माझ्या हातनं काय झालंय गं?"

काय सांगायचं होतं ते माझ्या जिभेवर होतं. काही नाही हो अप्पा, तुमच्या हातून काही झालं नाही, आमच्याच हातून झालं. मी बोललेसुद्धा ते सगळं. पण बोलता बोलता डोळे भरून आले, आणि त्यांना दिसू नयेत म्हणून मी तोंड पदरात घातलं.

अप्पांनी वाकून माझ्या हनुवटीला बोट लावलं.

"बघ," ते म्हणाले, "परत खाली घातलीस. काय म्हणलीस ते कळलंच न्हाई मला."